‘चॅरिटी’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

इंग्रजीतून आलेले काही शब्द आपल्या घरादारांत इतके रुळले आहेत, की त्यांचे परकेपण आता कोणाला जाणवतही नाही. ‘चॅरिटी’ हा त्यांपैकी एक. धर्मग्रामाच्या मदतनिधीसाठी नाटकाचा ‘चॅरिटी शो’ लावला जातो. एखादी संस्था स्थापन झाली, की तिची घटना ‘चॅरिटी कमिशनर’च्या कचेरीत सादर होते. आणि निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या भगिनी रस्त्याने जाताना दिसल्या, की आपली मुलेही ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ हे नाव सहज सांगतात.

शब्द तिन्ही ठिकाणी एकच आहे. अर्थ मात्र एक नाही. पहिल्या ठिकाणी तो पैशाच्या मदतीविषयी बोलतो, दुसऱ्या ठिकाणी कायद्याविषयी, आणि तिसऱ्या ठिकाणी ज्या प्रीतीपायी माणूस आपले अवघे आयुष्य देऊन टाकतो त्या प्रीतीविषयी. इंग्रजी शब्दकोश उघडावा तर या एका शब्दापुढे अर्थांची रांगच लागलेली दिसते : दान, भिक्षा, परोपकार, परोपकारी संस्था, दुसऱ्याच्या दोषांकडे उदारपणे पाहण्याची वृत्ती, आणि ख्रिस्ती प्रीती. त्याच्या समानार्थी शब्दांत ‘आम्स’ येतो, ‘बेनेव्होलन्स’ येतो, ‘फिलँथ्रॉपी’ येतो आणि ‘लव्ह’ही येतो. भीक आणि प्रीती एकाच शब्दाच्या छपराखाली कशा नांदू लागल्या, हा प्रश्न कोणालाही पडावा.

प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. राजा जेम्स याच्या आज्ञेने १६११ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी बायबल घेऊन करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय उघडावा. तेथे संत पौल सांगतो, की मी आपली सारी मालमत्ता गोरगरिबांच्या अन्नासाठी वाटून टाकली तरी, माझ्या ठायी ‘चॅरिटी’ नसेल तर मला काहीच लाभ नाही. आजच्या रूढ अर्थाने हे वाचले, तर पौलाचे बोलणेच विसंगत ठरते. सर्वस्व दान केले आणि तरी दान केले नाही, हे कसे? शब्दाचा अर्थ चारशे वर्षांत कोठून कोठे गेला, हे या एका स्थळावरून लक्षात येते. हा प्रवास कसा घडला आणि त्यात आपण काय गमावले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

मूळ आणि कूळ

‘चॅरिटी’चे मूळ लॅटिन आहे. ‘कारुस’ म्हणजे प्रिय. त्यावरून ‘कारितास’ म्हणजे प्रियपणा. परंतु ‘कारुस’चा दुसरा अर्थ महाग असाही होता, धान्याची ‘कारितास’ म्हणजे धान्याची महागाई. इंग्रजीतील ‘डिअर’ या शब्दालाही हेच दोन अर्थ आहेत. जे प्रिय असते त्याची किंमत मोठी असते आणि ती मोजावी लागते, हे शहाणपण भाषेने असे साठवून ठेवले आहे. सिसेरोसारख्या ख्रिस्तपूर्व लेखकाने आईवडिलांविषयीच्या व मातृभूमीविषयीच्या आदरयुक्त प्रेमासाठी ‘कारितास’ हा शब्द वापरला. भिक्षेशी त्याचा काही संबंध नव्हता.

ग्रीक भाषेत प्रेमासाठी अनेक शब्द होते. स्त्रीपुरुषांच्या ओढीला ‘एरॉस’, मैत्रीला ‘फिलिया’, घरच्या मायेला ‘स्टॉर्गे’. नव्या कराराच्या लेखकांनी मात्र ‘अगापे’ हा शब्द प्रामुख्याने जवळ केला. ‘एरॉस’ हा शब्द नव्या करारात एकदाही येत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन भाषांतर आकारास आले, तेव्हा ‘अगापे’साठी बहुधा ‘कारितास’ किंवा ‘दिलेक्तिओ’ हे शब्द योजले गेले. ‘आमोर’ हा लॅटिनमधील प्रेमाचा सर्वसामान्य शब्द. तो क्वचितच वापरला गेला. त्यात सर्व तऱ्हेचे प्रेम येई, उच्च आणि नीचही. तरीसुद्धा संत ऑगस्टिन यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या चौदाव्या भागात स्पष्ट म्हटले आहे, की शास्त्रात या शब्दांमध्ये असा काटेकोर भेद पाळलेला नाही. प्रेम चांगले की वाईट हे ते कशावर जडले आहे यावरून ठरते. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी ‘कारितास’ची व्याख्या मनुष्याची परमेश्वराशी असलेली मैत्री अशी केली. भिक्षादान त्यांनी वेगळे मांडले. दयेच्या द्वारे घडणारी ती प्रीतीची एक कृती आहे, असे ते सांगतात. म्हणजे प्रीती हे झाड आणि भिक्षादान हे त्याचे एक फळ.

हा शब्द फ्रेंचांच्या मुखातून बाराव्या शतकात इंग्लंडात उतरला आणि फळ व झाड या दोघांनाही तेथे एकच नाव मिळाले. प्रवचनात धर्मगुरू ‘चॅरिटी’ म्हणत तेव्हा त्यांच्या मनात परमेश्वराची मैत्री असे. मठाच्या दाराशी भाकरीसाठी उभा असलेला माणूस ‘चॅरिटी’ म्हणे तेव्हा त्याच्या मनात भाकरी असे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायक्लिफ यांच्या अनुयायांनी लॅटिनवरून इंग्रजी बायबल सिद्ध केले. त्यात ‘कारितास’साठी ‘चॅरिटी’ हाच शब्द कायम राहिला.

‘लव्ह’चे कूळ निराळे. तो जर्मानिक शाखेतला, इंग्रजांच्या घरचा शब्द. परंतु त्याचे दूरचे नाते थेट आपल्या दारापर्यंत येते. ज्या धातूपासून ‘लव्ह’ निघाला त्याच धातूपासून संस्कृतातील ‘लुभ्’ आणि त्यावरून आपला ‘लोभ’ हा शब्द निघाला आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आणि ‘लोभ’ या शब्दाची मराठीत काय स्थिती आहे? षड्रिपूंच्या यादीत तो शत्रू म्हणून बसला आहे. आपल्या धर्मशिक्षणातही तो सात महापापांत मोजला जातो. पण जुन्या पिढीतील कोणाचेही पत्र काढून पाहावे, शेवटी ‘लोभ असावा, ही विनंती’ असे लिहिलेले सापडेल. एकाच शब्दात हाव आहे आणि स्नेहही आहे. लॅटिनमध्ये याच कुळात वासनेला ‘लिबिदो’ म्हणतात, आणि इंग्रजीत ‘बिलीव्ह’, म्हणजे विश्वास ठेवणे, हा शब्दही याच कुळातला. वासना आणि विश्वास, हाव आणि स्नेह, अशी भावंडे ज्या कुळात जन्मली त्या कुळाचा शब्द शास्त्रात घ्यावा की नाही, यावर पुढे मोठा वाद व्हावा यात नवल नाही.

टिंडल आणि मोर

विल्यम टिंडल हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले धर्मगुरू. ग्रीकवरून नवा करार इंग्रजीत आणावयाचा ध्यास त्यांनी घेतला. इंग्लंडात परवानगी मिळेना, म्हणून ते युरोपात गेले आणि १५२६ साली जर्मनीतील वर्म्स येथे त्यांचा संपूर्ण नवा करार छापून झाला. चोरून इंग्लंडात आलेल्या या प्रती लंडनचे बिशप कथबर्ट टन्स्टल यांनी त्याच वर्षी जाळविल्या. १५२८ साली टन्स्टल यांनी आपले विद्वान मित्र थॉमस मोर यांच्यावर अशा पुस्तकांना इंग्रजीतून उत्तर देण्याची कामगिरी सोपविली. मोर यांचा पहिला ग्रंथ १५२९ साली निघाला. टिंडल यांनी १५३१ साली उत्तर दिले. मोर यांनी १५३२ व १५३३ साली त्याचे विस्तृत खंडन केले.

मोर यांचा आक्षेप प्रामुख्याने तीन शब्दांवर होता. ‘चर्च’ऐवजी टिंडल यांनी ‘काँग्रिगेशन’ म्हटले होते, ‘प्रीस्ट’ऐवजी ‘सीनियर’, आणि ‘चॅरिटी’ऐवजी ‘लव्ह’. तिन्ही बदलांमागे एकच हेतू मोर यांना दिसत होता : ख्रिस्तसभेची शिकवण शब्दागणिक पोखरणे. ‘चॅरिटी’बद्दल त्यांचे म्हणणे असे, की इंग्रज माणसाच्या कानाला हा शब्द कोणत्याही प्रेमाचा नव्हे, तर सद्गुणी आणि सुव्यवस्थित प्रेमाचा अर्थ सांगतो. ‘लव्ह’ तसा नाही. तो बऱ्यावाईट सर्व प्रेमांना लागू पडतो. मग पवित्र प्रेमाला खास नाव असताना ते टाकून सर्वसाधारण नाव का घ्यावे? केवळ श्रद्धेनेच तारण होते हे नवे मत रुजविण्यासाठी, प्रीतीची थोरवी कमी करण्याचा हा डाव नाही काय?

टिंडल यांचे उत्तर बाजारात आणि घराच्या उंबऱ्यावर बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीवर आधारलेले होते. ते विचारतात, की लोक हा शब्द प्रत्यक्षात कसा वापरतात ते पाहा. ‘संत चॅरिटी’च्या नावाने भिक्षा मागितली जाते आणि मुले वडिलांचा आशीर्वादही त्याच नावाने मागतात, पण त्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नसतो. दाराशी आलेल्याला ‘आजची माझी चॅरिटी झाली’ असे सांगून वाटेला लावले जाते, म्हणजे तेथे शब्दाचा अर्थ फक्त भीक. आणखी एक मुद्दा त्यांनी काढला, तो व्याकरणाचा असला तरी मर्मावर बोट ठेवणारा होता. ‘लव्ह’ हे नाम आहे तसे क्रियापदही आहे. परमेश्वरावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करा, असे ‘लव्ह’ने म्हणता येते, ‘चॅरिटी’ हे कोणी कोणाला ‘करू’ शकत नाही. ज्या शब्दाला क्रियापद नाही, त्याने आज्ञा कशी द्यावी?

दोघांचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. राजा आठवा हेन्री याला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्यास मोर यांनी नकार दिला आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. टिंडल यांना त्याच वर्षी अँटवर्प येथे विश्वासघाताने पकडण्यात आले. १५३६ साली व्हिल्व्होर्डे येथे गळा आवळून मग त्यांचा देह जाळण्यात आला. विशेष हे, की हेन्रीने आपली राणी कॅथरिन हिला सोडण्याचा जो घाट घातला होता, तो या दोन्ही प्रतिपक्षांना अमान्य होता. मोर यांना १९३५ साली संतपद मिळाले आणि त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीचा आपण उचित गौरव करतो. पण मोर चॅन्सेलर असताना पाखंडी ठरविलेल्या माणसांना जाळले गेले, हेही आपण लपवू नये. सत्याच्या रक्षणासाठी प्रीतीशी विसंगत मार्ग अवलंबिले गेले, याबद्दल १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोम येथे जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. प्रीतीला कोणता शब्द योजावा याविषयी वाद घालणाऱ्यांनी एकमेकांशी प्रीतीने बोलावयाचे राहून गेले, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी खंत आहे.

शब्द पुन्हा बदलतात

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. इंग्लंडातून परागंदा झालेल्या कॅथलिक विद्वानांनी फ्रान्समधील रीम्स येथे १५८२ साली आपला इंग्रजी नवा करार प्रसिद्ध केला. त्यांनी लॅटिनला जवळ राहून ‘चॅरिटी’ जपला. इतका, की संत योहानच्या पहिल्या पत्रात परमेश्वराचे स्वरूप सांगणाऱ्या वचनातही त्यांनी ‘लव्ह’ न घालता ‘चॅरिटी’च घातला. १६११ च्या बायबलाच्या भाषांतरकारांनी टिंडल यांची बहुतांश भाषा उचलली. पण जुने धर्मशब्द राखावेत, अशी त्यांना सूचना होती. त्यामुळे ‘चर्च’ परत आला. ‘प्रीस्ट’च्या जागी ‘एल्डर’ राहिला. आणि ‘चॅरिटी’ काही ठिकाणी परतला, काही ठिकाणी नाही. पौलाच्या त्या तेराव्या अध्यायात तो नऊ वेळा आहे. योहानाच्या पत्रात मात्र ‘लव्ह’ आहे. १८८१ साली त्या बायबलाची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा तेराव्या अध्यायातही ‘लव्ह’ आला. आणि १९६६ साली कॅथलिकांनी सिद्ध केलेल्या इंग्रजी ‘जेरुसलेम बायबला’नेही ‘लव्ह’च स्वीकारला. ज्या शब्दासाठी मोर यांनी लेखणी झिजविली तो त्यांच्याच ख्रिस्तसभेच्या इंग्रजी वाचनातून असा मागे पडला. कारण उघड होते. तोवर ‘चॅरिटी’ ऐकले, की लोकांना प्रीती आठवत नव्हती, पैशाची पेटी आठवत होती.

हे असे का झाले? त्याला कायद्याने मोठा हातभार लावला. १५३६ ते १५४० या काळात हेन्रीने इंग्लंडातील मठ बंद केले आणि गोरगरिबांचा एक मोठा आधार तुटला. त्यानंतर देणग्यांचा विनियोग नीट व्हावा म्हणून राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत १६०१ साली एक कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेत ‘चॅरिटी’ची कामे गणली आहेत : वृद्ध, अपंग व निर्धन यांना साहाय्य, जखमी सैनिक व खलाशी यांचा सांभाळ, शाळा, अनाथांचे शिक्षण, गरीब मुलींचे विवाह, कैद्यांची सुटका, इतकेच नव्हे तर पूल, बंदरे आणि रस्ते यांची दुरुस्तीही. १८५३ साली इंग्लंडात चॅरिटी कमिशन स्थापन झाले. १८९१ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढील एका खटल्यात लॉर्ड मॅकनॉटन यांनी ‘चॅरिटी’चे चार विभाग सांगितले : दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्मप्रसार आणि समाजाच्या हिताची इतर कामे. हीच परंपरा आपल्या राज्यात १९५० सालच्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने रुजली. त्या कायद्याच्या नावात आता ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ आहे, आणि ‘चॅरिटी कमिशनर’ला आपण ‘धर्मादाय आयुक्त’ म्हणतो.

कायद्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब चोख हवा, हे कोणीही मान्य करील. परंतु कायद्याला हिशेब तपासता येतो, प्रीती तपासता येत नाही. म्हणून कायद्याच्या हाती गेलेल्या शब्दात जे मोजता येते तेवढेच उरले. पुढे ‘चॅरिटीइतके थंड’ अशी म्हण इंग्रजीत रूढ झाली, आणि ‘आम्हांला तुमची चॅरिटी नको’ हे स्वाभिमानी गरिबाचे उत्तर होऊन बसले. ज्या शब्दाने एकेकाळी देवाची मैत्री सांगितली, तो शब्द गरिबाला अपमानासारखा वाटू लागला.

आपल्याही भाषेत

असे इंग्रजांच्याच बाबतीत घडले, असे मात्र नाही. ‘चॅरिटी’चा समानार्थी ‘आम्स’ हा शब्द ग्रीक भाषेतील दयावाचक शब्दापासून आला. दया गेली आणि नाणे उरले. हिब्रू भाषेतील ‘त्सेदाका’ म्हणजे न्याय, नीतिमत्त्व. तोही पुढे दानासाठी रूढ झाला. आणि मराठीत? ‘धर्म’ हा आपला केवढा मोठा शब्द! ज्याने जग धारण केले जाते तो धर्म. पण दाराशी येणाऱ्याची हाक काय असते? ‘माई, धर्म करा.’ धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना, दानधर्म, धर्मादाय, या सर्व शब्दांत धर्म हा फुकट मिळणाऱ्या वस्तूचे नाव झाला आहे. न्याय, दया, धर्म, प्रीती : चार निरनिराळ्या लोकांनी आपले चार थोर शब्द घेतले आणि ते सर्व एकाच कटोऱ्यात येऊन पडले. माणसाच्या मनाचा कल यातून दिसतो. जे मोठे आहे ते खिशातून काढून देता येईल एवढे लहान करावे, म्हणजे सुटका होते.

आपल्या मराठी शास्त्रात पौलाच्या त्या अध्यायासाठी ‘प्रीती’ हा शब्द आहे, हे आपले भाग्य. प्रीतीचा अर्थ अजून कोणी भीक असा करीत नाही. इंग्रजी धर्मशिक्षणात मात्र श्रद्धा व आशा यांच्या जोडीला ‘चॅरिटी’ हेच नाव आजही आहे; १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीतही तेच आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांनी त्या तिसऱ्या सद्गुणाचा अर्थ ‘देणगी’ असा समजू नये, एवढी काळजी आईवडिलांनी घ्यावयास हवी.

दोघांचीही भीती खरी

आज मागे वळून पाहता टिंडल आणि मोर या दोघांचीही भीती खरी ठरलेली दिसते. ‘चॅरिटी’ हा शब्द भिक्षेपुरता आटेल, असे टिंडल यांना दिसत होते, तो आटला. ‘लव्ह’ हा शब्द कशालाही लागू पडेल, असे मोर यांनी बजावले होते, तो पडला. आइस्क्रीमवर ‘लव्ह’ असते, क्रिकेटवर असते, क्षणिक आकर्षणालाही तेच नाव असते. टेनिसच्या खेळात तर ‘लव्ह’ म्हणजे शून्य. पैज न लावता निव्वळ आवडीने खेळणे या अर्थावरून तो तसा आला असावा, असे कोशकार मानतात. एक शब्द फार अरुंद झाला, दुसरा फार रुंद. डिसेंबर २००५ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या पहिल्याच परिपत्रकाला ‘देउस कारितास एस्त’ हे लॅटिन नाव दिले आणि आरंभीच ‘प्रेम’ या शब्दाच्या अनेक अर्थांची चर्चा केली, ती यामुळेच. त्याच परिपत्रकाचा उत्तरार्ध ख्रिस्तसभेच्या सेवाकार्याविषयी आहे. तुटलेले झाड आणि फळ त्यांनी पुन्हा एकत्र आणून दाखविले.

तर मग कोणता शब्द सुरक्षित आहे? आम्हांला वाटते, कोणताच नाही. शब्दाचा अर्थ कोशात टिकत नाही, माणसांच्या वागण्यात टिकतो. १९५० हे एकच वर्ष घ्यावे. त्या वर्षी मुंबई राज्यात ‘चॅरिटी’चा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ७ तारखेला कोलकात्यात मदर तेरेसांच्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संघाला मान्यता मिळाली. मरणोन्मुख माणसाचा हात हातात घेऊन बसणाऱ्या भगिनीने तो शब्द त्याच्या मूळ अर्थाकडे परत नेला. त्यासाठी तिला शब्दकोशाची गरज पडली नाही.

आपल्या अनेक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था काम करते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह ती सुरू केली, तेव्हा तिचे नाव ‘चॅरिटीची परिषद’ असे होते. तिची रीत आरंभापासून एकच : मदत पाठवून द्यावयाची नाही, गरिबाच्या घरी जावयाचे, त्याच्याजवळ बसावयाचे, त्याचे ऐकावयाचे. हाच फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रायश्चित्तकाळात दानाचे पाकीट घरोघरी येते. ते अवश्य भरावे. त्यातील पैशाने कोणाची तरी चूल पेटते. पण पाकीट भरून झाले म्हणजे ‘आजची माझी चॅरिटी झाली’ असे म्हणून दार लावून घेऊ नये. आपल्याच आळीत एखादी आजारी म्हातारी असेल, भावकीच्या भांडणात बोलणे तुटलेला सख्खा भाऊ असेल, कामाच्या शोधात परमुलुखातून आलेले एखादे कुटुंब असेल. त्यांच्याकडे जावे, थोडा वेळ बसावे. मोर यांना हवी होती ती सुव्यवस्थित प्रीती आणि टिंडल यांना हवे होते ते क्रियापद, या दोहोंची गाठ तेथे पडते.